अशक्त लेकरांचे ताट

सुरतेचे जेवण आणि काशीचे मरण, अशी म्हण गुजरातेत आहे. काशीचे काय ते काशीकर जाणोत. सुरतेच्या जेवणाविषयी मात्र आम्ही स्वानुभवाने ग्वाही देऊ शकतो. हिवाळ्यात तापीकाठी मिळणारा पोंक, म्हणजे आपला हुरडाच, त्यावर शेव. पावसात गरम लोचो. आणि शरद पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, चंदी पडव्याला, घरोघर घारी. आपल्या भोपळ्याच्या घाऱ्यांशी तिचा नावापलीकडे काही संबंध नाही. मावा, पिस्ते, बदाम यांचे सारण आणि वरून थिजलेल्या तुपाचा जाड थर, असा तो राजेशाही प्रकार आहे.

तापीच्या खोऱ्यातील आपली गावे सुरतेला दोन कामांसाठी जातात. एक बाजारहाट, दुसरे इस्पितळ. सुरत-भुसावळ मार्गावरच्या गाडीत बसून पाहावे. नवापूरचे स्थानक अर्धे महाराष्ट्रात व अर्धे गुजरातेत आहे. तेथे चढलेल्या माणसाच्या एका हातात मुलाचे कागद व औषधाची पिशवी असते आणि परतताना दुसऱ्या हातात मिठाईचा पुडा असतो. आजारी लेकराला गोड काही न्यावे, एवढाच त्यामागचा भाव. आम्हीही तेच केले. त्या पुड्याची हकीकत आज सांगावयाची आहे. ती सांगताना आम्हांस संकोच वाटतो, तथापि सांगितल्यावाचून राहवत नाही.

काही वर्षांपूर्वी चंदी पडव्याच्या सुमारास कामानिमित्त आम्ही सुरतेस होतो. परत निघताना घारी घेतली. ऑक्टोबरातील उकाडा, गर्दीची गाडी, पुढे जीपचा प्रवास. गावी आल्यावर दोन दिवस पुडा आमच्या खोलीतील फडताळात राहिला. तिसऱ्या दिवशी एका घरी प्रार्थनेला गेलो. त्या घरात नऊ वर्षांची मुलगी होती. तिला सिकलसेलचा आजार आहे हे आम्हांस ठाऊक होते. आम्ही स्वतःच्या हाताने तिला घारीचा तुकडा दिला. आई जराशी घुटमळली. पण धर्मगुरूच्या हातून आलेले कोण नाकारणार? आजी तर म्हणाली, "घे गं बाय, फादरांनी दिलंय, काय होत नाही."

त्या रात्री मुलीला वांत्या व जुलाब सुरू झाले. पहाटे हातापायांची हाडे इतकी दुखू लागली की तिला कोणी हात लावला तरी ती किंचाळे. सकाळच्या गाडीने तिला सुरतेस नेले. ती नऊ दिवस इस्पितळात होती. तिसऱ्या दिवशी आम्ही भेटावयास गेलो आणि डॉक्टरीणबाईंना घारीची गोष्ट सांगितली. त्या म्हणाल्या, "फादर, कशाने झालं हे मी शपथेवर सांगू शकत नाही. घारी असेल, पाणी असेल. पण या मुलांना देताना आपण विचारावं, हे कधी बनलं आणि कसं ठेवलं होतं." त्यांच्या बोलण्यात रागाचा लेशही नव्हता. तो असता तर आम्हांस बरे वाटले असते.

सिकलसेल हा शब्द आता आपल्या पाड्यांवर सर्वांच्या तोंडी आहे. शिकागोच्या जेम्स हेरिक या डॉक्टराने १९१० साली एका रुग्णाच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी पाहून त्या वैद्यकीय जगापुढे मांडल्या. भारतात हा दोष १९५२ साली निलगिरीच्या डोंगरांतील आदिवासींमध्ये आढळला. दक्षिण गुजरात, डांग, नंदुरबार या आपल्या पट्ट्यात तो पुष्कळ आहे. गुजरात सरकारने २००६ साली याच भागातून नियंत्रणाचे काम हाती घेतले. त्याचा पाया घालणारे वलसाडचे डॉक्टर यझदी इटालिया यांना २०२४ साली पद्मश्री मिळाली. ज्यांच्या रक्तात हा दोष आई किंवा बाप यांपैकी एकाकडूनच आला आहे ते केवळ वाहक होत. त्यांच्या खाण्यापिण्याला वेगळे नियम नाहीत. दोन्हींकडून आला तर आजार होतो. या आजारात पोटाच्या डाव्या बाजूस असलेल्या पाणथरीचे काम मंदावते. पाणथरी ही रक्ताची राखणदार. राखणदारच थकला की जे जंतू धडधाकट पोराला दोन दिवस जुलाब देऊन निघून जातात, ते या मुलाच्या रक्तात शिरतात. टायफॉइडच्या कुळातील जंतू तर अशा मुलांच्या हाडांत जाऊन बसतात. म्हणून ज्या घरी असे मूल आहे तेथे अन्नाची स्वच्छता हा टापटिपीचा विषय राहत नाही, तो जिवाचा विषय होतो. कर्करोगाची औषधे चालू असलेली मुले आणि मूत्रपिंडाच्या विकारासाठी महिनोन्‌महिने स्टेरॉइडच्या गोळ्या घेणारी मुले हीही अशीच उघड्या वेशीची असतात.

प्रथम पाणी. सिकलसेलच्या मुलाच्या अंगातील पाणी कमी झाले की पेशी अधिक वाकड्या होतात, एकमेकींत अडकतात आणि ते भयंकर दुखणे सुरू होते. त्याने दिवसभर पुष्कळ पाणी प्यावयाचे असते. म्हणजे ज्या मुलाला घाणेरडे पाणी सर्वांत बाधते, त्यालाच सर्वांत जास्त पाणी लागते! फडक्याने गाळून गाळ जातो, जंतू जात नाहीत. पाण्याला खळाखळा उकळी फुटावी व ती मिनिटभर राहावी. मग झाकून निवू द्यावे आणि झाकलेल्या भांड्यातून लांब दांड्याच्या ओगराळ्याने काढावे. पेला बुडवून घेतला की पेल्यासोबत हातही बुडतो. विहीर असो, हातपंप असो, नळ असो, अशा मुलापुरते तरी पाणी उकळावेच. सरपण लागते हे आम्ही जाणतो. परंतु सुरतेला जाण्यायेण्याचे भाडे, तेथील मुक्काम आणि बुडालेली मजुरी यांचा हिशेब ज्यांनी एकदा केला आहे त्यांना सरपण महाग वाटत नाही.

येथे आमच्याच प्रांतातील एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. रविवारी मिस्सापूर्वी मुलांना पाण्याचा घोटही न देणाऱ्या आज्या आमच्या धर्मग्रामात अजून आहेत. त्यांच्या लहानपणी त्यांच्या आज्यांनी तसेच शिकविले. त्या काळी मध्यरात्रीपासून अन्नपाणी वर्ज्य होते, हे खरे. परंतु परमगुरू बारावे पायस यांनी १९५३ सालीच पाण्याने उपवास मोडत नाही असे ठरविले. १९५७ साली अन्नाची मर्यादा तीन तासांवर आली आणि १९६४ साली सहावे पॉल यांनी ती एका तासावर आणली. १९८३ च्या धर्मसंहितेत तर आजाऱ्यांना आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांना तो एक तासही सोडला आहे. औषध व पाणी यांची आडकाठी कोणालाच नाही. प्रायश्चित्तकाळातील मांसवर्ज्याचा नियम चौदा वर्षे पूर्ण झाल्यावर लागू होतो व उपवासाचा अठरा पूर्ण झाल्यावर. आणि आजाऱ्यास दोन्ही लागू नाहीत. तेव्हा आजीबाईंनी निश्चिंत असावे. मंदिरात पाण्याची बाटली घेऊन आलेल्या त्या मुलीकडे कोणी वळून पाहू नये, एवढेच आमचे मागणे आहे.

दुसरी गोष्ट याहून नाजूक आहे. लूर्दहून किंवा वेलांकनीहून आणलेल्या पाण्याची बाटली पुष्कळ घरांत जपून ठेवलेली असते. मूल आजारी पडले की त्यातील चमचाभर त्याच्या मुखात घालतात. भक्तीला आम्ही नावे ठेवणार नाही. परंतु वर्षभर बाटलीत राहिलेले पाणी ते पाणीच. आणि मंदिराच्या दारातील पात्रात तर शेकडो बोटे बुडतात. अशा मुलाच्या कपाळाला ते लावावे, पाजू नये. पाजावयाचेच असेल तर घरच्या पिण्याच्या पाण्याप्रमाणे उकळून मगच पाजावे. एका भाविक बाईंनी आम्हांस विचारले, "फादर, उकळल्यावर आशीर्वाद राहतो का?" आम्ही म्हणालो, "बाई, जो आशीर्वाद देवाने दिला तो चुलीने कसा जाईल?" त्यांचे समाधान झाले की नाही कोण जाणे, पण त्या दिवसापासून त्या पाणी उकळतात.

आता अन्नाकडे वळू. आपल्या गावांत अशक्त मुलाला ताकद यावी म्हणून कच्चे अंडे दुधात फेटून देतात. ही रीत आमच्या आईचीही होती, म्हणून तिच्याविरुद्ध लिहिताना हात जड होतो. पण टायफॉइडच्या कुळातील ते जंतू अंड्यातून येऊ शकतात, आणि कच्च्या अंड्यात असलेली ताकद उकडलेल्या अंड्यात तसूभरही कमी नसते. पिवळे घट्ट होईपर्यंत अंडे उकडावे. कोंबडी हाडापर्यंत शिजावी, आत गुलाबी दिसू नये. आणि ज्या विळीवर कोंबडी कापली त्याच विळीवर धुतल्याशिवाय कांदा-काकडी चिरू नये. हा नियम आम्ही मुद्दाम निराळा सांगतो, कारण सणाच्या दिवशी घाईत नेमका तोच मोडतो. दूध, मग ते दारच्या शेळीचे का असेना, उकळल्याविना देऊ नये.

शिळ्या भाताविषयी आमच्या बहिणी कुरकुर करतील. रात्रीचा भात सकाळी फोडणी देऊन खाणे हे गरिबाघरचे शहाणपण आहे आणि धडधाकट माणसाने ते खुशाल करावे. परंतु भातातील एका जातीचे जंतू शिजवूनही बीजरूपाने उरतात. भात रात्रभर उबदार राहिला की ते वाढून विष सोडतात, आणि ते विष सकाळच्या फोडणीने जात नाही. अशक्त मुलाचा भात त्याच वेळचा असावा. शिजून दोन तासांच्या आत त्याच्या पोटात जावा. त्यामानाने आपली नागलीची भाकरी किती गुणी! तव्यावरून थेट ताटात येते, मध्ये कोणाचा हात नाही, कोणाची माशी नाही. तिच्यासोबत गरम डाळ, नीट निवडून तीन पाण्यांनी धुऊन शिजविलेली पालेभाजी, आणि आपल्यासमोर सोललेले केळे किंवा संत्रे. सुरतेच्या कोणत्याही उपाहारगृहात याहून निर्धोक ताट मिळणार नाही.

बाहेरच्या खाण्यात भीती कशाची धरावी? तळणीतून किंवा तव्यावरून आपल्या डोळ्यांदेखत निघालेल्या गरम पदार्थाची फारशी नाही. बर्फाचा गोळा, उसाचा रस, उघड्यावर कापून ठेवलेले पपई-कलिंगड, पाणीपुरीचे पाणी, हिरवी कच्ची चटणी, आणि ऊन वर आल्यानंतरची नीरा, यांची धरावी. मावा हा तर फारच नाजूक जिन्नस. चंदी पडव्यापूर्वी सुरत महानगरपालिकेचे अधिकारी दुकानांतून माव्याचे नमुने तपासणीस नेतात, ते उगाच नव्हे. त्या शहराने धडा घेतला आहे. १९९४ च्या सप्टेंबरात प्लेगच्या भीतीने तेथून लोक लाखोंनी पळाले होते. पुढल्या वर्षी एस. आर. राव हे आयुक्त म्हणून आले आणि त्यांनी कचरा, गटारे व खाद्यगृहे यांच्यामागे असा लकडा लावला की अल्पावधीतच सुरतेची गणना देशातील स्वच्छ शहरांत होऊ लागली. पण दुकानातला मावा कितीही चोख असला, तरी आमच्या फडताळातील तीन दिवसांना दुकानदार काय करणार?

पाहुणचाराचे दुखणे याहून अवघड आहे. बारसे, लग्न, गावचा सण. प्रत्येक घरी मुलाच्या हातावर काही ना काही ठेवतात आणि "नको" म्हटले की मन दुखावते. आमची सूचना अशी की आईने सणाच्या घरी आधीच निरोप द्यावा आणि पंगतीची भाजी चुलीवर उकळत असतानाच मुलाचे ताट वाढून घ्यावे. पहिले ताट मुलाचे. यात कोणाचा अपमान नाही. आमच्या धर्मग्रामाच्या सणाला आता हे आम्ही मिस्सानंतरच जाहीर करून टाकतो, म्हणजे आईला तोंड उघडावे लागत नाही.

आता नाण्याची दुसरी बाजू, कारण घारीच्या प्रकारानंतर आम्ही तीही पाहिली. मुलगी घरी आली तेव्हा बाप इतका घाबरला होता की त्याने सगळेच बंद केले. अंडे नको, कोंबडी नको, फळ नको, शेजारच्या घरचे काही नको. पेज, डाळीचे पाणी, पुन्हा पेज. तीन महिन्यांत पोर सुकून गेली. सण आला की ती कोपऱ्यात बसे. वास्तविक सिकलसेलच्या मुलाचे शरीर सतत नवे रक्त घडवीत असते. त्याला इतरांपेक्षा अधिक खाणे लागते. सुरतेच्या त्याच डॉक्टरीणबाईंनी बापाला समोर बसवून सांगितले की बंदीने राखण होत नसते. कर्करोगाच्या मुलांबाबत हे पारखूनही पाहिले गेले आहे. २०१८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दीडशे बालरुग्णांचे दोन गट केले. स्वच्छतेचे नियम दोन्ही गटांना सारखेच होते. एकास शिवाय कच्ची फळे, भाज्या इत्यादींची कडक बंदी होती. बंदीच्या गटात शंभरातील ३५ मुलांस संसर्ग झाला, दुसऱ्यात ३३ मुलांस. म्हणजे बंदीने पदरात काही पडले नाही. अर्थात ज्या मुलाचे औषधोपचार चालू आहेत त्याच्या डॉक्टरांनी काही वर्ज्य लिहून दिले असेल तर ते आमच्या लेखावरून कोणी मोडू नये.

याइराच्या मुलीची कथा आम्ही कितीदा वाचून दाखविली असेल! ती बारा वर्षांची होती. घरात आकांत चालला होता. प्रभूने तिला हात धरून उठविले. पण त्यानंतर त्याने काय केले याकडे आमचे लक्ष त्या तीन महिन्यांतच प्रथम गेले. त्याने सांगितले की मुलीला काही खावयास द्या. एवढा मोठा चमत्कार झाल्यावर आईबाप भानावर नसतील. लेकराला भूक लागली असेल हे त्यालाच सुचले.

मुंबईत टाटा रुग्णालयात कर्करोगाच्या उपचारासाठी दूरच्या खेड्यांतून येणाऱ्या मुलांसाठी २००६ पासून संत ज्यूडच्या नावाने निवारे चालविले जातात. संत ज्यूड हा निराश झालेल्यांचा कैवारी. त्याच्याच नावाने १९६२ साली अमेरिकेत मेंफिस येथे डॅनी थॉमस या कॅथलिक नटाने नवस फेडण्यासाठी मुलांचे रुग्णालय उघडले होते. मुंबईच्या निवाऱ्यांत प्रत्येक कुटुंबाला स्वतः रांधण्याची सोय आहे. ही गोष्ट आम्हांस फार शहाणपणाची वाटते. औषध डॉक्टर देतात. पण फुटपाथवरच्या गाडीचे खाऊन औषध कसे लागावे? आईला स्वच्छ ओटा, चूल व पाणी मिळाले की अर्धे काम ती करते. सुरतेच्या इस्पितळाजवळ ज्यांचे नातलग राहतात त्यांनी गावाकडून आलेल्या आजारी मुलाच्या आईला आपल्या ओट्यावर दोन वेळा भाकरी भाजू दिली, तर ते दान लहान नव्हे.

हात धुण्याविषयी लिहावयाचे राहिले. आमच्या एका शेतकरी बंधूंनी शास्त्राधार काढला होता की शिष्यांनी न धुतलेल्या हातांनी खाल्ले तेव्हा प्रभूने त्यांची बाजू घेतली. होय, घेतली, पण तो वाद परूश्यांच्या देखाव्याविरुद्ध आणि मनातील मळाविषयी होता. शेणाच्या हातांनी लेकराला भरवा, असे प्रभूने कोठेही सांगितलेले नाही. साबण लावून वीस सेकंद, म्हणजे सावकाश म्हटलेल्या एका 'नमो मरिये'इतका वेळ, हात चोळावे. रांधण्यापूर्वी, भरविण्यापूर्वी, शौचाहून आल्यावर, कोंबडी-बकऱ्यांना हात लावल्यावर. हे बंधू आता धुतात, मात्र आम्ही समोर असलो तरच, अशी त्यांच्या पत्नीची तक्रार आहे.

ती मुलगी आता चौदा वर्षांची आहे. तिच्या घरी दाराशी साबणाची वडी दोरीला टांगलेली असते आणि पाण्याच्या हंड्यावर ओगराळे. गेल्या नाताळात तिने स्वतः उकडलेली अंडी सोलून आम्हांस वाढली. प्रथम आमच्या हातांवर पाणी घालून. तिला पुन्हा दुखणे येतेच. आजार गेलेला नाही. ज्या घरी असे मूल आहे त्यांनी ध्यानात ठेवावे की ताप १०१ अंशांवर गेला तर सकाळची वाट न पाहता इस्पितळ गाठावे. जुलाब लागले तर ओआरएसचे पाकीट उकळून निवविलेल्या पाण्यात लगेच सुरू करावे. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ. लोहाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्यावाचून देऊ नयेत. आणि ज्यांची तपासणी अद्याप झालेली नाही, विशेषतः ज्यांचे लग्न ठरावयाचे आहे, त्यांनी ती करून घ्यावी. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत चाळीस वर्षांपर्यंतच्या सर्वांची तपासणी सरकारी आरोग्यकेंद्रात विनामूल्य होते. लग्नाच्या नोंदणीस याल तेव्हा आम्ही विचारणारच आहोत.